कूलरपुढची कबुतरं

होळी पेटली की चार-आठ दिवसांत मोडनिंबच्या आमच्या बियाणं-खताच्या दुकानात कूलरवाला येतो. गेल्या वर्षीचं काळं पडलेलं गवत जाळीतून ओढून काढतो, नवं पिवळं गवत दाबून भरतो, टाकीत पाणी ओततो आणि बटण दाबतो. पहिला ओला वारा अंगावर आला की दुकानातली माणसं डोळे मिटून घेतात. आमचे हे तर खुर्ची कूलरच्या तोंडाशी ओढून 'आता कसं' म्हणतात. मी उठते आणि बाहेर, हायवेच्या कडेला, उन्हात जाऊन उभी राहते. 'हिला उन्हाळा लई आवडतो' असं हे गिऱ्हाइकांना सांगतात. सांगू देत. मला त्या ओल्या गवताचा वास सोसत नाही, एवढंच खरं आहे. त्या वासात माझ्या वडिलांचा शेवटचा उन्हाळा आहे, आणि तो दर वर्षी नव्या गवतासोबत परत येतो.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. वळसंगच्या शेतकऱ्याचा हा मुलगा सोलापुरात एका कापड गिरणीच्या ऑफिसात लागला, आवक-जावकच्या टेबलावर. गिरणीचं कापड परदेशी जायचं, तिकडून पत्रं यायची, आणि साहेब लोक पत्र काढून पाकीट टोपलीत टाकायचे. त्या टोपलीतून अण्णांना टपाल तिकिटांचा नाद लागला. पुढे गिरणीला कुलूप लागलं, पण नाद काही सुटला नाही. पोस्टात नवं तिकीट आलं की पहिल्याच दिवशी खिडकीवर हजर. वय वाढलं तशी त्यांनी फुलं, पक्षी, आगगाड्या ही सगळी तिकिटं शेजारच्या पोरांना वाटून टाकली आणि स्वतःपाशी एकच विषय ठेवला, शांतता आणि स्वातंत्र्य. त्या विषयावर देशोदेशांनी काढलेली तिकिटं एका जाड हिरव्या अल्बममध्ये होती. मशाली, तुटलेल्या बेड्या, चरखा, हातात दिलेले हात, पृथ्वीच्या गोलाभोवती हिरवी डहाळी. आणि कबुतरं. कबुतरं तर इतकी की माझा धाकटा भाऊ सिद्धू त्या अल्बमला खुराडं म्हणायचा.

अण्णा भाबडे नव्हते, हे सांगितलं पाहिजे. कबुतरं जमवणारा माणूस भाबडा असणार असं लोकांना उगाच वाटतं. "शांततेचं तिकीट निघालं की समजायचं, कुठंतरी भडका उडालाय," असं ते म्हणायचे. "सुखात असताना कोण कबुतर छापतं?" एका पानावर नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाचं तिकीट होतं, उगवता सूर्य आणि हात उंचावलेली माणसं. त्याच्याच शेजारी त्याच देशाचं काही वर्षांनंतरचं तिकीट, त्यावर छातीभर पदकं लावलेला लष्करी टोपीतला माणूस. विषयात बसत नसतानाही अण्णांनी तो तिथे ठेवला होता. "एकाला दुसऱ्याची माहिती असू दे," म्हणायचे आणि मिशीत हसायचे.

नियम कडक होते. तिकिटाला बोट लावायचं नाही, चिमट्यानं धरायचं. मागचा डिंक छापून आला तसाच राहिला पाहिजे. आणि ओल म्हणजे साक्षात वैरी. ओल लागली की डिंक सुटतो, तिकीट पानाला चिकटतं, पान पानाला चिकटतं, मग त्याचा देवसुद्धा वाली नाही. म्हणून अल्बम लोखंडी कपाटात असायचा. उन्हाळ्यात त्या कपाटाला हात लागला तर चटका बसायचा, पण अण्णा खूश. "कागद उन्हाला भीत नाहीत, अक्का, ओलीला भितात. मुंबईवाल्यांची तिकिटं दर पावसाळ्यात चिकटतात. आपली हवा म्हणजे तिजोरी." सोलापूरच्या उन्हाबद्दल चांगलं बोलणारा तेवढा एकच माणूस मी पाहिला.

मला घरात सगळे अक्का म्हणतात. माझ्या तळहाताला घाम येतो म्हणून मला लहानपणीच बाद केलं होतं. सिद्धूचे हात कोरडे, म्हणून तो वारस. आईचा तर प्रश्नच नव्हता. तिचे हात दिवसभर पाण्यात, भांडी, धुणं, कणीक. संसार झाला तेवढी वर्षं तिनं तो अल्बम लांबूनच बघितला. "सवत हाय माझी," असं ती शेजारणींना सांगायची. "आन् सवत तरी भांडती माझ्यासंगं. ही नुस्ती कपाटात बसून ऱ्हाती."

वर्षातून एकदाच अल्बम सगळ्यांसाठी बाहेर यायचा, पंधरा ऑगस्टला. झेंडावंदन करून आले की अण्णा हात धुवायचे, पंच्याला खसखसून कोरडे करायचे, भिंतीला पाठ लावून बसायचे आणि अल्बम स्वतःकडे तोंड करून मांडीवर उघडायचे. दाखवायचे नाहीत. सांगायचे. "पहिलं पान. निळं कबुतर, पंख मिटलेले. खाली समुद्र." आई समोर बसून लसूण सोलायची आणि ऐकायची. मध्येच विचारायची, "उडतंय का बसलंय?" अण्णा म्हणायचे, "बसलंय." "मग बरं हाय." चार हुतात्म्यांच्या गावातली माणसं आम्ही, आम्हाला स्वातंत्र्य कुणी शिकवायला नको, पण मी ते शिकले असेन तर अशा लसणाच्या वासात.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला. आमचं घर जुळे सोलापुरात, सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं हे सोलापूरकराला सांगायची गरज नाही, त्यावर आम्ही संसार बसवलेले आहेत. पण त्या वर्षी कॉलनीत आठवडा-आठवडा नळाला टिपूस नव्हता. शेवटी बायका रिकाम्या घागरी घेऊन पाण्याच्या टाकीवर गेल्या. त्यांच्या मागे पुरुष गेले. सिद्धू टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता, त्या दिवशी त्याची सुट्टी होती, म्हणून तोही घागर घेऊन गेला. आरडाओरडा झाला, ढकलाढकली झाली आणि कुणीतरी दगड मारला. कुणी, ते आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही. तो टाकीवरच्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात बसला. बिचारा बरेच दिवस दवाखान्यात बेशुद्ध होता, त्याच्याही घरी आई असणार.

कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. त्यात सिद्धूचा हात वर गेलेला दिसतो. पुढे चालू दिला तर हातात प्लास्टिकची रिकामी घागर दिसते, तिथेच थांबवला तर नुसता वर गेलेला हात. पोलिसांनी तो तिथेच थांबवला. जिवे मारण्याचा प्रयत्न, असं कलम लागलं. घरात झुरळ निघालं तर कागदावर घेऊन जिन्यात सोडून येणारा माझा भाऊ त्या संध्याकाळी जीपमध्ये बसला. आईनं त्याच्या मागे चपला नेऊन दिल्या, कारण तो अनवाणीच गेला होता.

मग तारखा. कोर्टाच्या आवारात लिंबाचं एक झाड आहे, त्याखाली आमचा निम्मा उन्हाळा गेला. आज साहेब रजेवर. आज सरकारी वकिलांचं म्हणणं आलं नाही. आज आलं, पण वेळ झाली. मग कोर्टालाच उन्हाळ्याची सुट्टी लागली. आमचे वकील भले होते, पण त्यांच्या तोंडी 'पुढच्या तारखेला नक्की' हे वाक्य इतकं बसलं होतं की मला त्यांच्या तोंडाचाच राग यायचा.

अण्णांचं हृदय आधीच थकलेलं. सिद्धूला नेल्यावर त्यांनी अंथरूण धरलं. पाय सुजले, छातीत पाणी व्हायला लागलं. डॉक्टरांनी पाणी तोडलं. एवढ्या उन्हात त्या माणसाला फुलपात्रानं पाणी द्यायचं, तेही अर्धं. ओठ फुटायचे, आई ओला कापूस फिरवायची. खोलीत जीव घाबरायला लागला तेव्हा आम्ही कूलर आणून पलंगाच्या पायाशी लावला. कॉलनीत पाणी नाही, अण्णांना पाणी नाही, आणि आई धुण्याचं शेवटचं पाणी गाळून कूलरच्या टाकीत ओतत होती.

अण्णांना एकच हवं होतं. सिद्धू सुटून यावा आणि अल्बम त्याच्या हातात ठेवावा. "माझ्या हातानं द्यायचाय," एवढंच म्हणायचे. त्यासाठी त्यांनी अल्बम कपाटातून काढून उशाशी ठेवायला लावला होता. मी दर रविवारी मोडनिंबहून एसटीनं यायचे, आणि मी दारात दिसले की अण्णा आधी माझ्या मागे बघायचे, मी कुणाला सोबत आणलंय का ते. मला वकिलांचंच 'पुढच्या तारखेला नक्की' सांगावं लागायचं. मला त्या दाराचीच भीती बसली होती.

एकदा मी जेलात भेटायला गेले. जाळीच्या पलीकडे सिद्धू, दाढी वाढलेली, मानेवर घामोळ्यांचे लाल चट्टे. वर पत्रा आहे, खाली माणसाला माणूस चिकटून झोपतो, पंखा आहे पण तो गरम वारा खाली ढकलतो, असं तो सांगत होता आणि आईला यातलं काही सांगू नको, असंही. मग म्हणाला, "झोप येत न्हाय, अक्का. मग मी अल्बम काढतो."

"कुठला अल्बम?"

"खुराडं गं. पहिल्या पानापासून सुरू करतो. निळं कबुतर, पंख मिटलेले. एकेक तिकीट डोळ्यांपुढं आणायचं, रंगासकट. एखादं आठवलं न्हाय तर परत पहिल्यापासून." तो हसला. "लष्करी टोपीवाल्यापाशी आलो की अण्णांचा आवाज ऐकू येतो."

हे मी अण्णांना सांगितलं. त्यांनी उशाशी ठेवलेल्या अल्बमवर हात ठेवला. मग म्हणाले, "पाठ झालाय तर." त्या उन्हाळ्यात ते खुशीत दिसले ते तेवढेच. आईनं मात्र मला स्वयंपाकघरात गाठलं. "तितं गार करायला काय हाय का गं?" मी म्हटलं, पंखा आहे. "कूलर?" नाही म्हटलं. जेलात कसला कूलर. ती तव्यावरची भाकरी उलटत राहिली.

परवा टीव्हीवर कुठल्याशा लढाईच्या बातम्या चालल्या होत्या. पडलेल्या इमारती, त्यावर उभे असलेले लोक. त्या देशाचं तिकीट अण्णांपाशी होतं, तपकिरी, दोन हात आणि मधून उडालेलं पाखरू, मला अजून आठवतं. तिकडच्या कुणीतरी ते चित्र काढलं असेल, कुणीतरी मंजूर केलं असेल, छापताना कुणी रंग तपासला असेल. एवढ्या लोकांनी मिळून एवढासा कागद काढला आणि त्यानं काहीही थांबलं नाही. मला पूर्वी याची चीड यायची. आता वाटतं, न थांबणाऱ्या गोष्टींसाठीच माणसं अशी काहीतरी छोटी वस्तू करून ठेवतात. याचं समाधान मात्र काडीचं वाटत नाही.

तर त्या उन्हाळ्यातला तो रविवार. दुपारची वेळ, बाहेर बघवत नव्हतं. मी आले तेव्हा अण्णा जागे होते, भिंतीकडे तोंड करून. उशाशी अल्बम नव्हता. खोलीत बघितलं तर कूलरच्या समोर, अगदी तोंडाशी, स्टूल ठेवलेलं. स्टुलावर आईची धुतलेली उशीची खोळ अंथरलेली, आणि त्यावर अल्बम, मधोमध उघडून ठेवलेला. जाळीतून येणारे बारीक तुषार पानांवर बसत होते. पानं फुगली होती. तिकिटांचे कोपरे वर येऊन वळले होते, काही एकमेकांवर सरकून बसली होती. एका कबुतराचा निळा रंग शेजारच्या मशालीत उतरला होता.

आई आत आली ती पाण्याची कळशी घेऊन. माझा चेहरा बघून तिला वाटलं मी तिच्या हात लावण्यावर रागावले. ती घाईघाईनं म्हणाली, "हात कोरडे करून लावला गं. पदराला पुसून. रोज दुपारी ठेवती हितं. कपाटात नुस्ती भट्टी व्हती की. आन्..." तिनं कळशी खाली ठेवली. "सिद्धूचाच हाय न्हवं त्यो? पोरगं तितं पत्र्याखाली तळतंय. त्याला तर काय करता येईना. ह्याला तरी गार लागू दे."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते कोण जाणे, पण मोठ्यानं बोलणार होते. तेवढ्यात माझ्या मनगटाला काहीतरी लागलं. अण्णांचा हात. ते या कुशीवर वळले होते. डोळे स्टुलाकडे होते, तिथल्या त्या सुजलेल्या पानांकडे. त्यांना सगळं दिसत होतं. रोज दुपारी दिसत असणार.

आई कळशी ओतायला कूलरच्या मागे गेली तेव्हा ते हळूच म्हणाले, "असू दे."

"अण्णा, सगळं चिकटलंय."

"पहिल्याच दिवशी चिकटलं. असू दे." त्यांना दम लागला होता. "तिनं जन्मात पहिल्यांदा हात लावलाय. तिला कळता कामा नये."

ज्या माणसानं घामट हात म्हणून पोटच्या पोरीला लांब ठेवलं, तो, ज्या ओलीपासून सगळा जन्म अल्बम जपला, ती ओल उघड्या डोळ्यांनी पानापानांत शिरताना बघत होता, आणि बायकोला 'नको' म्हणत नव्हता. मला तेव्हा त्यांचा अतोनात राग आला आणि तितकीच माया आली. आई पुढे आली, पदराला हात पुसले, अगदी हलक्या बोटांनी पान उलटायला गेली. दोन पानं एकदम उलटली. तिला वाटलं एकच आहे.

अण्णा सिद्धू यायच्या आधीच गेले. भर दुपारी, कूलर चालू असताना. सिद्धूला मातीला आणायची परवानगी मिळावी म्हणून मी वकिलांना घेऊन पळत होते, पण सही होऊन कागद हातात यायला संध्याकाळ झाली. तोपर्यंत थांबता आलं नाही. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात, बसवून. त्या मातीत पहार लागत नव्हती, खड्डा घेणारे दोघे घामानं निथळत होते. मुलाच्या हातची माती पडायची ती माझ्या हातानं पडली. घरी आले तेव्हा आईनं कूलर बंद केला होता आणि अल्बम खोळीत घालून पलंगाखाली, जमिनीच्या गारव्याला ठेवला होता.

पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झाल्यावर सिद्धूला जामीन मिळाला. तो आला, अंघोळ केली, अण्णांच्या पलंगावर बसला. मी त्याला सगळं सांगितलं, आई शेजारी गेली असताना. खोळीतून अल्बम काढून त्यानं बघितलं. पहिलं आणि शेवटचं पान तेवढं सुटं होतं, मधला सगळा एकच गठ्ठा झाला होता, त्याला बुरशीचा वास येत होता. त्यानं नख घालून एक कोपरा उचलायचा प्रयत्न केला. कागदाचा पापुद्रा निघाला, तिकीट मधूनच फाटलं. तो थांबला. खोळ परत घातली आणि अल्बम होता तिथे ठेवून दिला.

तो पंधरा ऑगस्ट मी माहेरीच काढला. खालून झेंडावंदनाचं गाणं ऐकू येत होतं. सिद्धू खाली गेला नाही, माणसं एकत्र जमली की आता तो जात नाही. कारखान्यानं त्याला परत घेतलं नव्हतं, अजूनही घेतलेलं नाही. केस चालू आहे, तारखा चालू आहेत. आई सुपात लसूण घेऊन बाहेर आली आणि नेहमीच्या जागी, भिंतीसमोर बसली.

"अल्बम काढ की रं," ती म्हणाली.

मी सिद्धूकडे बघितलं. तो उठला, मोरीवर गेला, हात धुतले, पंच्याला खसखसून कोरडे केले. पलंगाखालून खोळ काढली. भिंतीला पाठ लावून बसला आणि अल्बम स्वतःकडे तोंड करून मांडीवर उघडला. अण्णा दाखवायचे नाहीत, सांगायचे, म्हणून आईला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

"पहिलं पान," सिद्धू म्हणाला. "निळं कबुतर. पंख मिटलेले. खाली समुद्र."

"बसलंय न्हवं?"

"बसलंय."

"मग बरं हाय."

तो सांगत गेला. मशाल, तिच्यामागचा लाल रंग. तुटलेली बेडी, डावीकडची कडी अर्धी. उगवता सूर्य, हात उंचावलेली माणसं. हात उंचावलेली, म्हणताना त्याचा आवाज जरा अडला. मग लष्करी टोपी. "एकाला दुसऱ्याची माहिती असू दे," तो म्हणाला, आणि आई हसली, अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा. प्रत्येक पान संपलं की तो पान उलटल्यासारखा हात फिरवायचा. मांडीवरचा गठ्ठा तसाच बंद होता. मी समोरून सरकून आईच्या पाठीमागे जाऊन बसले, माझा चेहरा तिला दिसू नये म्हणून.

शेवटच्या पानापर्यंत एकही तिकीट चुकलं नाही. मग आईनं सूप बाजूला ठेवलं. पदराला हात पुसले, दोनदा पुसले, आणि विचारलं, "लावू का जरा?"

सिद्धूनं शेवटचं सुटं पान तिच्याकडे केलं. तिनं त्यावर आख्खा तळवा ठेवला. त्या कागदात अजून ओल होती.

"बघ," ती म्हणाली, "अजून गार हाय. रोज दुपारी ठेवत व्हते रं, एक दिवस चुकवला न्हाय." मग तिनं त्याच्या मानेवरच्या घामोळ्यांच्या काळ्या पडलेल्या डागांकडे बघितलं. "तुला लागलं का रं तितं? गार?"

सिद्धूनं अल्बम मिटला.

"लागलं की, आई," तो म्हणाला. "रोज दुपारी लागायचं."